मागच्या सीटवरची लेन्स

बारा वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको आपल्या गाडीनं पार हिमाचलातल्या स्पितीच्या डोंगरांत गेलो. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. चोपन्न म्हणजे काही पोरवय नव्हे, पण अक्कल यायची राहिली होती आणि तिच्या जागी फोटोग्राफीचा छंद आला होता. दर रविवारी सकाळी मी हर्सूल तलावावर बगळ्यांच्या मागं पळायचे. बगळे उडून जायचे आणि मागं राहिलेल्या पाण्याचे फोटो मी नातवाला दाखवायचे.

"आज्जी, यात पक्षी कुठंय?"

"आत्ताच गेला."

प्रवास ठरला तसा मी महिनाभर नुसता सामानाचा अभ्यास केला. डोंगरांसाठी रुंद लेन्स. रस्त्यावरच्या माणसांसाठी मधली. आणि हिमबिबट्या दिसलाच तर लांबची. वजनाला शेजारणीच्या तान्ह्या नातवाएवढी. जिला हर्सूलचा बगळा सापडत नव्हता, ती बाई हिमबिबट्याची तयारी करत होती. ट्रायपॉड दोन, कारण एक वाऱ्यानं हलला तर? थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून जास्तीच्या चार, लोकरीच्या मोज्यांत घालून. डिकी कपड्यांनी आणि शिध्यानं भरली होती, म्हणून हे सगळं मागच्या सीटवर. लांबच्या लेन्सची पेटी खिडकीशी ठेवून मी तिला चक्क सीटबेल्ट लावला.

नवरा म्हणाला, "अगं, तिथं माणूस बसतं."

"माणूस दर तासाला चहाला थांबा म्हणतं. ही नाय म्हणणार."

असलं वाक्य सुचलं म्हणून मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

तिथं कोण बसलं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते. थोरले दीर गेल्यापासून त्या बजाजनगरला मुलाकडं असतात. मी नोकरीला जायचे तेव्हा माझी दोन्ही पोरं त्यांनीच वाढवली. माझ्या लेकीला ताप आला की ती आई म्हणून नाही, अक्का म्हणून रडायची. त्या बाईनं जन्मात स्वतःसाठी एकच इच्छा बोलून दाखवली होती, तीही दोनदाच: एकदा बर्फ बघायचाय.

निघायच्या आदल्या दिवशी अक्का घरी आल्या. जूनचा पहिला आठवडा, अंगाची लाही होत होती. त्यांनी पिशवीतून धपाटे काढले, शेंगदाण्याची चटणी काढली. "चार दिवस टिकतील, तेल मुद्दाम जास्त घातलंय." आणि पिशवीच्या तळाशी मला माकडटोपी दिसली. नवीकोरी, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

मी ती पाहिली. पाहिली नाही, असं म्हणायची मला सोय नाही.

"अक्का, तुम्ही पण चला की," मी म्हटलं. म्हणता म्हणता माझी नजर गाडीकडं गेली. मागोमाग त्यांचीही गेली.

"नको गं बाई. तुमचं सामानच लई झालंय. माझी कशाला अडचण?"

आता आमच्याकडं पहिलं 'नको' हे नको नसतंच. ते रीतीचं असतं. समोरच्यानं 'असं कसं, यायचंच' म्हणायचं. मग दुसरं 'नको' येतं, जरा बारीक आवाजात. तिसऱ्यांदा हात धरायचा आणि विषय मिटवायचा. पंगतीतल्या जिलबीपासून चार दिवसांच्या मुक्कामापर्यंत सगळं असंच चालतं. मी तर यात नावाजलेली. ताटावर आडवा हात धरणाऱ्या पाहुण्याच्या बोटांवरून पोळी सरकवणारी. त्या दिवशी मात्र मी फार सभ्य झाले. त्यांचा शब्द खरा मानला.

"बरं मग, पुढच्या वेळी," मी म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं.

"व्हय, पुढच्या वेळी," अक्का म्हणाल्या आणि पिशवीची घडी घालून ती काखेत धरली.

हिमबिबट्या काही आला नाही. त्याला काय पडलंय! लांबची लेन्स दोनदा बाहेर निघाली. एकदा एका गाढवासाठी, आणि एकदा हॉटेलवाल्याला तिच्यातून बघायची हौस होती म्हणून. वरच्या खिंडीत रस्त्याच्या कडेलाच बर्फाची भिंत होती. नवऱ्यानं मूठभर बर्फ उचलला, जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनींनी आधी तोंडात घातला असता."

मी ट्रायपॉडचे पाय घट्ट करत राहिले.

परत आल्यावर मी नऊशे फोटो टीव्हीवर लावले. अक्का शेवटच्या फोटोपर्यंत बसल्या. "लई छान काढलेस गं," म्हणाल्या. मग विचारलं, "हातात धरला की किती वेळ राहतो?"

मी बर्फ हातात धरलाच नव्हता. हातात कॅमेरा होता.

पुढची वेळ दर वर्षी पुढं जात राहिली. कधी धाकट्या नातीचा जन्म, कधी नवऱ्याची पाठ, कधी नुसताच माझा आळस. गेल्या उन्हाळ्यात मी उठून बजाजनगरला गेले.

"अक्का, चला. गाडीत तुम्ही, मी आणि हे. दुसरं काही नाही."

"नको गं."

"असं कसं, यायचंच."

"नको."

तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो माझ्या हातात राहू दिला आणि हसल्या. "अगं, दोन पायऱ्या चढले तरी दम लागतो. डॉक्टर म्हणाला, उंचावर अजिबात नाय जायचं. खरंच नको."

मी तरीही चौथ्यांदा म्हटलं.