नूबेच्या घराची झाडणी

मेलचोरा पिचिसाका भित्री नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला हसाल. नवरा घोड्यासकट दरीत पडला तेव्हा धुक्यात एकटी खाली उतरून त्याला शोधणारी हीच. गावात कोणी गेलं की अंघोळ घालायला पहिला निरोप हिलाच जायचा. भुताखेतांचा विषय निघाला की म्हणायची, "मेलेल्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना निदान नावं तरी असतात." तर अशी ही बाई एका सोफ्याला घाबरायची.

सोफा तिच्या मुलीच्या घरातला आणि ते घर मी बांधलेलं. मी बेलिसारियो तेनेसाका, गवंडी. मेलचोराच्या मुलीचा, म्हणजे नूबेचा, मी बाप्तिस्म्यातला धर्मपिता, पाद्रिनो. म्हणून मेलचोरा माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड. त्यात एकमेकांना अहोजाहो करावं लागतं, अगदी कडाकडा भांडतानासुद्धा.

आमचं गाव सिसापांबा, कान्यार शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. तरुण माणसं न्यूयॉर्कला असतात आणि त्यांची घरं इथे असतात. तिकडून फोनवर फोटो येतो, "पाद्रिनो, असं पाहिजे." फोटोतल्या घरावर हातभर बर्फ. मी नूबेला म्हटलं, "पोरी, घर बांधतो, पण बर्फ कुठून आणू?" ती म्हणाली, "उतार तेवढा काढून ठेवा." ठेवला. धूर कशाचा निघणार हे माहीत नसताना धुराडंही बांधलं. निळ्या आरशाच्या काचा, दारात दोन खांब, गाडी नसताना गाडीची खोली. गावात अशी घरं इतकी झालीत की राहणारे थोडे आणि दारंच जास्त. मला तक्रार करायला तोंड नाही, माझं पोट त्यावरच भरलं. पण राग येतो तो येतोच.

नूबे एकोणिसाव्या वर्षी गेली. चोरवाटेने गेली, त्यामुळे तिथले कागद नाहीत. कागद नाहीत म्हणजे एकदा बाहेर पडली की परत आत जायचा रस्ता बंद, आणि तिथे आता नवरा, दोन मुलं. ती कागदांची वाट बघायची आणि मेलचोरा तिची. दर नाताळात फोन यायचा, "पुढच्या वर्षी नक्की येते, आई." मेलचोरा ते सगळ्यांना सांगत फिरायची. आम्ही हो ला हो म्हणायचो.

आता त्या घरात काय होतं ते सांगतो, म्हणजे खरं तर काहीच नव्हतं. दुकानातून आलेल्या प्लॅस्टिकमध्ये तसाच गुंडाळलेला सोफा. अंथरलेले पलंग, त्यांवर कुणाच्या डोक्याचा खळगा न पडलेल्या उशा. न्हाणीघरात कागदातला साबण. बंद ठेवला तर बिघडतो म्हणून चालू ठेवलेला रिकामा फ्रिज मधूनच गुरगुरायचा आणि गप्प व्हायचा. नातवंडांच्या खोलीत दोन छोटे पलंग, खुंटीला किमतीच्या चिठ्ठीसकट एक गुलाबी फ्रॉक. तिकडे मुलं वाढत गेली, फ्रॉक तेवढाच राहिला. आत कधी काही शिजलं नाही, म्हणून रंगाचा वास वर्षानुवर्षं गेला नाही.

भिंत न् भिंत माझ्या हातची, कुठल्या विटेखाली काय आहे ते मला माहीत. तरी एकटा आत गेलो की मान आखडायची आणि जिना उतरताना पाय आपोआप भराभर पडायचे. का ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या मातीच्या घरात माझी आई गेली, माझे भाऊ जन्मले. रात्री काही कुरकुरलं तर कोण कुरकुरतंय ते मला कळतं. नूबेच्या घरात कधी दूध उतू गेलं नाही, कोणी कोणाला शिवी दिली नाही. तिथे काही घडलंच नव्हतं आणि तरी प्रत्येक खोलीत शिरताना वाटायचं, कोणीतरी आत्ताच उठून गेलं.

मेलचोरा खाली आपल्या मातीच्या घरात राहायची आणि रोज दिवेलागणीला वर नूबेच्या घरी जायची, चोरांना वाटावं माणसं राहतात म्हणून दिवे लावायला. दारात थांबून "येऊ का?" म्हणून विचारायची. दिवे लावून निघताना सोफ्याकडे पाठ करायची नाही, उलट्या पावलांनी दारापर्यंत यायची.

"कोमाद्रे," मी चिडवायचो, "राजाच्या दरबारातून निघाल्यासारख्या उलट्या काय चालता?"

"तुम्ही बांधलंत ना? मग जा, बसून दाखवा त्याच्यावर."

मी कधी बसलो नाही. काहीतरी काम आठवायचं.

आता आमच्याकडे नवं घर असंच राहायला घेत नाहीत. आधी घरझाडणी करावी लागते. झुडपाच्या ताज्या फांद्यांचा खराटा करायचा आणि मालकाने पहिला हात मारायचा. मग वाजंत्री, नाच, मक्याची दारू म्हणजे चिचा. खोली खोली झाडत रिकाम्या भिंतीत जे काय येऊन बसलं असेल ते उंबऱ्याबाहेर काढायचं, आणि मगच चूल पेटवायची. त्याआधी आत कोणी झोपत नाही. नूबे मालकीण, ती तिकडे. म्हणून घर न झाडलेलं.

"आई, वर राहायला जा ना," नूबे फोनवर म्हणायची. "मी कोणासाठी बांधलं ते?"

"तू ये, झाड, मग जाते."

"कोणीतरी झाडलं तर नाही चालत?"

"नाही."

सगळे म्हणायचे, म्हातारी हट्टी आहे. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा तिच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "घर झाडलं ना कोंपाद्रे, की तिचं इथलं काम संपलं. तिच्याशिवाय अडतंय असं एवढं एकच काम उरलंय. ते अडू दे." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणजे ज्या घराच्या भीतीने तिच्या अंगावर काटा यायचा, ते घर ती मुद्दाम तसं ठेवत होती. झाडलं असतं तर भीती गेली असती आणि मुलीला ओढायची दोरीही.

मग एका वर्षी पावसाने कहर केला. मेलचोराच्या मातीच्या घराची मागची भिंत स्वयंपाकघरावर बसली. ती वाचली, पण ओल छातीत शिरली. खोकल्याने बाई वाकायची. कान्यारच्या डॉक्टरने बजावलं, कोरड्या जागेत झोपायचं, नाहीतर मला बोलवू नका. माझी बायको रोसाउरा म्हणाली, आमच्याकडे या. आली नाही. कोसळलेल्या घराच्या उरल्या खोलीत पाळलेल्या गिनीपिगांना कुशीत घेऊन पडून राहायची.

नूबे फोनवर रडली. म्हणाली, मीच झाडते, फोनवरून, व्हिडिओ लावून.

यावर आमच्या अंगणात वाद झाला. घरझाडणी लावणारे ताइता आसेन्सियो, म्हातारे आणि त्याहून जास्त तोऱ्यात. म्हणाले, "खराटा हातात धरायचा असतो. फोनला हात कुठे आहेत?"

रोसाउरा म्हणाली, "तुमच्या नातवाचं लग्न फोनवर लावलंत तेव्हा नवरदेवाला हात होते वाटतं?"

 म्हातारा स्वतःच्या अक्कलहुशारीवर खूश होत म्हणाला, "फोन खराट्याच्या दांड्याला बांधा. म्हणजे खराटा तिचाच झाला."

मेलचोरा नाही म्हणाली. परत विचारलं, परत नाही. शेवटी नूबे म्हणाली, "आई, माझ्या घरापायी तू मेलीस तर मी जगू कशी? एवढं तरी सांग." मेलचोरा बराच वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "बरं. रडू नकोस. झाडू या."

रविवारी भर दुपारी झाडलं. उन्ह पडलं होतं, व्हायोलिनवाला आणि ढोलवाला आले होते. मेलचोराने लग्नातला विणलेला कमरपट्टा काढला आणि त्याने फोन खराट्याला बांधला. फोनच्या काचेत नूबे, तिच्या न्यूयॉर्कमधल्या, क्वीन्सच्या स्वयंपाकघरात, चांगला ब्लाउज घालून बसलेली. मागे दोन मुलं एकमेकांना ढकलत होती. मेलचोराने पहिला हात मारला.

"आई, हळू. गरगरतंय मला."

सगळे हसले. मेलचोरासुद्धा हसली. बैठकीची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. झाडायला केर नव्हताच, ती रोज पुसायची. तरी झाडत होती आणि फोनमध्ये नूबे जमिनीलगत हेलकावे खात सगळं घर बघत होती. त्या घरात ती पहिल्यांदाच येत होती, तीही अशी.

नातवंडांच्या खोलीत मेलचोरा थांबली. खराटा उभा धरला, फोन पलंगांकडे केला. "हे बघा, बाळांनो, तुमची खोली."

वाजंत्री थांबली. धाकटी नात आईच्या कानाशी इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते गं?" मेलचोराने विचारलं.

"काही नाही."

"सांग की."

नूबे म्हणाली, "विचारते, तिथे राहणारं मूल कुठे गेलं?"

 पोर फ्रॉककडे बघत होती. मग तिने आईच्या खांद्यात तोंड लपवलं आणि रडायला लागली. नूबे म्हणाली, "आई, फोन दुसरीकडे फिरव. भीती वाटते तिला." आणि मग हळूच, तिला वाटलं आम्हाला ऐकू जाणार नाही, "मलासुद्धा."

व्हायोलिनवाल्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने वाजवायला सुरुवात केली. आम्ही नाचलो. असं नाचणं वैऱ्यावर येऊ नये. झाडत झाडत उंबऱ्यापर्यंत आलो. मेलचोराने शेवटचा हात मारून जे काय होतं ते बाहेर लोटलं.

"झालं ना, आई?"

"झालं."

"बरं झालं. जीव हलका झाला माझा."

मेलचोराने मान हलवली आणि कमरपट्ट्याची गाठ सोडली. चिचा भरपूर उरली. लोक लवकर घरी गेले.

ती तिथे राहायला गेली. गिनीपिग नेले होते, पण ते गुळगुळीत लादीवर घसरायला लागले आणि कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत बसायचे, म्हणून ते रोसाउराला दिले. खोकला कमी झाला, डॉक्टर खूश. एवढ्या मोठ्या घरात ती स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात अंथरूण टाकून झोपायची. दिवसभर निळ्या काचेशी बसायची, रस्ता तरी दिसतो म्हणून. मुश्किल अशी की रस्त्यालाही ती दिसायची. शाळेची मुलं तिच्या मातीच्या घरात उकडलेला मका खायला घुसायची, तीच मुलं आता काचेमागे निळसर तोंड दिसलं की धूम ठोकायची. मी एकाला धरलं. म्हटलं, "गाढवा, मेलचोरा आहे ती." तो म्हणाला, "माहीत आहे." आणि हात सोडवून पळाला. कोणीतरी तिला हे सांगितलं असावं, कारण पुढे शाळा सुटायच्या वेळी ती खिडकीशी बसेनाशी झाली.

नाताळानंतर तिचा नळ गळायला लागला म्हणून गेलो. ओट्याखाली वाकून विचारलं, "नूबे काय म्हणते?"

"बरी आहे. धाकटी आता मोठ्या शाळेत जाते."

"नाताळात फोन आला होता?"

"आला होता. खूप वेळ बोलली."

"येते म्हणाली?"

तिने सांडलेलं पाणी फडक्याने टिपलं. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "दर वर्षी म्हणायची. खोटं असायचं, मला काय कळत नव्हतं? पण म्हणायची. झाडल्यापासून एकदाही म्हणाली नाही."

"विसरली असेल, कोमाद्रे. कामं असतात तिकडे."

"मीही विचारत नाही. विचारलं की तिचा जीव परत जड होईल."

मी पान्याने नळ आवळत राहिलो. मला स्वतःचाच राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं. माझ्या पाठीमागे ती उभी होती.

"कोंपाद्रे, त्या दिवशी घरात जे होतं ते आपण बाहेर काढलं ना?"

"काढलं की. सगळ्या गावासमोर काढलं."

"ते कुठे गेलंय? ते इथेच आहे, माझ्याबरोबर राहतं," मेलचोरा म्हणाली. "बाहेर काढली ती नूबे."

मी नळ सोडून पाहिला, बंद केला, परत सोडला. तो आता गळत नव्हता.