मोठी चाकं आणि माझं गणित

माझ्या धाकट्या भावाचा ट्रक अजिंठ्याचा घाट चढेनासा झाला, आणि त्याला कारण मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं सारवासारव करायचा मोह होणार नाही.

मी संभाजीनगरच्या एका शाळेत गणित शिकवते. आमच्याकडं पणजोबांपर्यंत भिक्षुकी, मग आजोबा गंगापूरच्या तहसिलीत कारकून आणि वडीलही कारकूनच. कागदाबाहेर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. अशा घरात या पोरानं कॉम्प्युटरपुढची नोकरी सोडून जुना सहाचाकी ट्रक घेतला, तेव्हा आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मी मात्र त्याच्या बाजूनं उभी राहिले. तो जळगावकडून कच्ची केळी भरून शहरातल्या पिकवणीच्या गोदामात आणायचा, आणि दोन वर्षांत त्याचा चेहरा बदलला होता. रस्त्यावर राहून घरातलं ‘नाही’ जाऊन तोंडात ‘नाय’ आलं होतं. ते ऐकून आई कपाळाला हात लावायची आणि मला बरं वाटायचं.

झालं असं, की बागांपर्यंत जाणारे रस्ते काळ्या मातीचे आणि खड्ड्यांचे. गाडीचं पोट घासायचं. टायर बदलायची वेळ आलीच होती, तर मोठ्या मापाचे टाकावेत का, असं त्यानं मला विचारलं. मला! जी बाई स्कूटीच्या चाकात हवा कमी आहे हे दुसऱ्यानं सांगेपर्यंत ओळखत नाही, तिला. पण प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं शिक्षकाच्या स्वभावात नसतं. नववीच्या गठ्ठ्यातली एक कोरी पुरवणी ओढली आणि दोन्ही चाकांचे परीघ काढले. चाक मोठं म्हणजे एका फेरीत जास्त रस्ता, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी, म्हणजे डिझेल कमी. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. त्यानं पुरवणीची घडी करून खिशात ठेवली आणि रिमांसकट सहाही टायर बदलून आला.

मोकळी गाडी झकास पळाली. भरल्या गाडीनं मात्र घाटात मान टाकली. दुसऱ्या गिअरमध्ये ओढेना, पहिल्यात टाकावं तर इंजिन तापायचं. दोनदा बाजूला घेऊन थांबावं लागलं, मागं हॉर्नचा कल्लोळ आणि वर ऊन. गोदामाच्या शेठजींनी काळवंडलेले घड बघितले आणि एकदा चालवून घेतले. दुसऱ्या खेपेलाही तेच झाल्यावर मात्र बोलले, आता एकच खेप बघतो म्हणाले. वर आणखी गंमत अशी, की डिझेल वाचायच्या ऐवजी जास्तच लागतंय असं मीटर सांगत होतं. मी पुन्हा कागद घेऊन बसले आणि अर्ध्या तासानं माझं मलाच हसू की रडू झालं. मीटर किलोमीटर मोजतच नाही, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या मोजतं! मोठ्या चाकाला त्या फेऱ्या कमी लागतात, म्हणून मीटरवर रस्ताही कमी दिसत होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आईनं तोवर ओळखीतून वाळूजच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. स्टोअरमध्ये बसून नोंदी करायच्या. अर्ज भरून तयार होता, फक्त सही राहिली होती, आणि शनिवारी उत्तर द्यायचं होतं. जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, “शनिवारच्या खेपेला गाडी घाट चढली तर ठीक. नाय चढली तर विकतो अन् सही करतो.” त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

बुधवारी आम्ही दोघं सावंगी नाक्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीकडं गेलो. पत्र्याची शेड, दारात कडुलिंब, आणि पांढऱ्या दाढीचे, पायजमा घोट्याच्या वर ठेवणारे चाचा. सगळे ड्रायव्हर त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर थाप दिली आणि भावाला विचारलं, “इत्ते बडे टायरां डालने को कौन बोला तुमकू?”

“मीच टाकले,” भाऊ म्हणाला.

“मी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “मी गणित शिकवते.”

चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांच्या मिशीत हसू होतं. “गणित बराबर हाय, टीचरबाई. पण नाकापेक्षा मोती जड झाला ना.” मग त्यांनी मला समजावलं, अगदी मी ‘ढ’ मुलाला समजावते तसं. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत जाते ती दोन दातेरी चाकांमधून. एक मुठीत मावेल एवढं पिनियन, दुसरं परातीएवढं क्राउन. आमच्या गाडीत क्राउनला सदतीस दाते होते आणि पिनियनला सहा. टायर मोठा केला की प्रत्येक फेरीला ओझं जास्त लांब ओढायचं, तेवढ्यासाठी जोर पुरत नाही. “सायकलीवर चढाला काय करता? हलका गिअर टाकता ना? तसंच. एक्केचाळीसला सहाची जोडी टाकू. क्राउनचे दाते वाढले की चाक सावकाश फिरंल, पण ओढंल. तुमचं मीटरबी पुन्ना खरं बोलाया लागंल.”

मी मनातल्या मनात भागाकार केला. टायर जेवढे वाढले होते, जवळपास तेवढाच फरक ही जोडी भरून काढत होती. इतकं सरळ गणित, आणि मी ते अर्धवट सोडलं होतं.

भाऊ आणि चाचा गाडी जॅकवर घेऊन एक्सल काढायला लागले आणि जोडी आणायचं काम मी मागून घेतलं. पापक्षालन म्हणा. जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेले, क्राउनचे दाते खडूनं खुणा करत दोनदा मोजले, पिनियनचे तीनदा. दुकानदार टकामका बघत होता. एक्केचाळीस आणि सहा. एकही दात तुटका नाही, झिजलेला नाही. गुरुवारी सकाळी रजा टाकून ते धूड रिक्षात घालून शेडमध्ये नेलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

चाचांनी दाते मोजलेच नाहीत. घासलेटच्या चिंधीनं क्राउनची कड पुसली, पिनियनचं तोंड पुसलं आणि दोन्ही माझ्यापुढं धरली. दोन्हींवर बारीक आकडे कोरलेले होते, आणि ते वेगळे होते.

“ह्ये दोघं एका घरचे नाय, बाई. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून घासून जोडी बनवत्यात. मग दोघांवर एकच नंबर टाकत्यात. ह्याचा दात त्याच्यात बसंल, पण जमणार नाय.”

भावानं विचारलं, “बसवलं तर काय व्हईल?”

“रडंल. गाडी चालंल, शनिवारची खेपबी करंल कदाचित. पर एक दिवस घाटातच दाते झडतील. तुमी सांगा. बोले तो डाल देता.”

भाऊ माझ्याकडं वळला. “ताई, तू सांग.”

मला तो क्षण लख्ख आठवतो. एवढं होऊनही तो मलाच विचारत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तोच विश्वास होता, ज्या विश्वासानं त्यानं पुरवणी खिशात ठेवली होती. मला भयंकर लाज वाटली आणि त्याच्याबद्दल मायाही दाटून आली. वर्गात इतकी वर्षं काढली, पण मुलांपुढं कधी न उच्चारलेलं वाक्य मी त्या शेडमध्ये उच्चारलं.

“मला माहीत नाही रे. चाचा, तुमची गाडी असती तर तुम्ही काय केलं असतं?”

“मैं? मैं जोडी ढूंढता,” चाचा म्हणाले. “जोडी उधरीच दुकान में पडी रहती. दुकानदार लोगां अलग अलग फेक देते.”

मग मी पुन्हा त्या दुकानात गेले. मागच्या बाजूला पिनियनांचा ढीग होता, पोत्यावर बसकण मारली आणि एकेक उचलून चिंधीनं पुसायला लागले. आकडा वाचायचा, बाजूला ठेवायचा. चष्मा तेलकट झाला, साडीचा पदर कामातून गेला. दुकानदारानं आधी दोनदा “मॅडम, राहू द्या” म्हटलं, मग चहा मागवला, आणि मग तोही शेजारी उकिडवा बसून पुसायला लागला. दुपारची अजान होऊन बराच वेळ झाला होता, तेव्हा त्याच्याच हातात क्राउनवरचाच आकडा आला. तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आवडती तीन आकडी संख्या आहे ती, कुणाला सांगणार नाही.

शुक्रवारी चाचांनी मला नवीनच काम दिलं. पूजेच्या सामानाच्या दुकानातून शेंदूर आणायला सांगितलं. मी चमकून बघितलं तर म्हणाले, “लई वर्सं झाली, त्याच दुकानातून आणतो. दुकानदाराला वाटतं चाचा छुपके से मारुतीला जातात.” आणि स्वतःच खो खो हसले.

तो शेंदूर त्यांनी तेलात कालवला आणि क्राउनच्या चार दात्यांना बोटानं लावला. जोडी बसवून पिनियन हातानं फिरवलं, मग बॅटरीच्या उजेडात दाते बघितले. जिथं पिनियन टेकलं होतं तिथला शेंदूर पुसला गेला होता, पण अगदी दात्याच्या कडेला. “नाय,” चाचा म्हणाले. सगळं पुन्हा खोललं, पिनियन किंचित सरकावं म्हणून कागदाएवढी पातळ लोखंडी पत्री आत सरकवली, पुन्हा शेंदूर, पुन्हा फेरा. डाग जरासा आत सरकला. पुन्हा खोललं. असं पाच वेळा झालं. एवढ्या खोडाखोडीत मी कधीच पेन आपटून उठले असते. भाऊ मात्र मांडी घालून बसला होता, कोपरापर्यंत शेंदरी, आणि पत्री केवढी लागेल याचा अंदाज चाचांच्या आधी सांगत होता. पाचव्या वेळी त्यांनी बॅटरी त्याच्याच हातात दिली.

“तुम देखो.”

तो वाकून बघत राहिला. “मधोमध हाय, चाचा.”

“हौ,” चाचा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले. तो नको म्हणाला होता, पण गाडी अडकली तर तिथं उभं राहायची पाळी माझीही होती. केबिनमध्ये प्रथमच बसले. पहाटे निघालो, बागेत माल भरला आणि दुपारी दोनच्या सुमाराला फर्दापूर मागं टाकलं. घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर त्यानं गिअर दुसऱ्यात टाकला. गाडी ओढत होती. जिथं आधी दोनदा थांबावं लागलं होतं, ते वळण त्यानं हनुवटीनंच मला दाखवलं. इंजिनाचा आवाज जड होता पण एकसारखा, मागून रडण्याचा काही सूर नव्हता. ते वळण गेलं. चढ जरा मोडला तसा त्यानं तिसरा टाकला, आणि गाडीनं तो घेतला. मी खिडकीकडं तोंड केलं, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. कारखान्यातले लोक उत्तर मागत होते, सहीला तो किती वाजता येतोय एवढंच तिला विचारायचं होतं.

एरवी मीच उत्तर दिलं असतं. त्याच्या वतीनं बोलायची मला लहानपणापासूनची खोड. या वेळी मी फोनवर हात ठेवून त्याला विचारलं, “काय सांगू?”

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. “सांग, गाडी चढतीय.”

“आई, गाडी चढतीय,” मी म्हणाले. “आम्ही घाटात आहोत. भरल्या मालासकट.”

मग आई म्हणाली, “अगं, मग त्याच्याशी बोलत काय बसलीस? घाटात आहे ना तो? गाडी चालवू दे त्याला.”

आणि तिनंच फोन ठेवला.