फलकावरची सखी

आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात परिचयातील एका व्यक्तीचे चरित्र लिहून आणावे, असे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले. वर्गातील बहुतेकांनी आपल्या वडिलांविषयी लिहिले. मी सखीविषयी लिहीत आहे. तिच्यावर जो अन्याय झाला, त्यात माझाही वाटा आहे. म्हणून तो मीच लिहिणे योग्य आहे, असे मला वाटते.

सखी अकलोलीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर राहते. स्वतःचे वय तिला ठाऊक नाही. ती माझ्याहून चार-सहा वर्षांनी धाकटी असावी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती डोक्यावर टोपली घेऊन वळ गावात आमच्या दारी प्रथम आली. तेव्हा आमच्या घरामागे भातशेती होती. आता तेथे गोदामे आहेत. टोपलीत कडूकंद होते. मी तिला त्या बदल्यात सुकट आणि तांदूळ दिले. आम्ही कधी वजन केले नाही. ती ओंजळीने देत असे, मीही ओंजळीने देत असे.

कडूकंद हा रानातला कंद आहे आणि नावाप्रमाणेच तो कडू असतो. तसाच खाल्ला तर तोंड सोलवटते, घसा सुजतो. सखी त्याच्या पातळ चकत्या करते, चुलीतली राख लावून त्या उकडते, मग टोपलीत भरून ती टोपली दगडाखाली दाबून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवते. दोन दिवस, दोन रात्री. पाणी वाहते असले पाहिजे, कारण कडूपणा त्याच्याबरोबर निघून जातो. टोपली काढण्यापूर्वी ती एक चकती स्वतः खाऊन पाहते. अठ्ठावीस वर्षांत तिच्या कंदाने कोणाचाही घसा खाजला नाही. सखीजवळ शेत नाही, पक्के घर नाही. हा लौकिक मात्र होता. ही कृती तिने पाड्याबाहेर कोणाला दाखवली नव्हती. मला दाखवली होती.

माझ्या दिरांचा मुलगा हितेश भिवंडीच्या रविवारच्या शेतकरी बाजारात एक मोठा गाळा चालवतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने आमच्याकडे कंद खाल्ले आणि तो म्हणाला, "काकी, हे शहरात हातोहात जातील. बाईची ओळख करून द्या." मी त्याला पाड्यावर घेऊन गेले. त्याने फोटो काढायला मोबाईल वर केला, तेव्हा सखीने पदर तोंडावर ओढला.

"फोटू कशाला? मी काय निवडणुकीला उभी हाय?"

"काढू दे गं," मी म्हणाले. "आपल्या घरचा पोरगा हाय."

माझ्या शब्दावर तिने पदर खाली घेतला.

दोन रविवार हितेशच्या टेम्पोतून सखीच्या टोपल्या बाजारात गेल्या. तिसऱ्या आठवड्यापासून टेम्पो आला नाही. सध्या मागणी नाही, असा निरोप हितेशने माझ्यामार्फत धाडला. मी तो तिला पोहोचवला. सखी म्हणाली, "शेरातल्या लोकांची जीभ लवकर फिरते."

तिने शहरातला बाजार पाहिला नव्हता. म्हणून मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी तिला घेऊन गेले. ती नवे लुगडे नेसून आली होती. मैदानात मांडव घातला होता आणि प्रत्येक गाळ्यावर शेतकऱ्याच्या नावाचा फलक होता. सखीला सर्व गोष्टींचे नवल वाटले. मेथीची जुडी हातात घेऊन ती म्हणाली, "ही आंघोळ करून आली. मी पण न्हाय केली आज." प्लास्टिकच्या डब्यांत बंद केलेली अळंबी पाहून तिने विक्रेत्यालाच विचारले, "यांना कोंडलं कशाला? पळतात का?" तो विक्रेता इतका हसला की त्याने आम्हा दोघींना एकेक पेरू दिला. हातसडीचे तांदूळ, पापड, गावठी अंडी असे पाहत आम्ही दुपारपर्यंत हिंडलो. इतक्या आनंदात मी तिला क्वचितच पाहिले आहे.

मग आम्ही हितेशच्या गाळ्यासमोर आलो. तेथे दरवाजाएवढा फलक होता आणि त्यावर सखी होती.

"अगो बाय! केवढी झाले मी!" ती तोंडावर हात ठेवून हसू लागली. "वाच ना, काय लिवलंय?"

मी मोठ्याने वाचले, "सखीचे कडूकंद. पाड्यावरून थेट आपल्या घरी."

फलकाखाली चकत्यांची पाकिटे रचून ठेवलेली होती. सखीचे हसू थांबले. तिने एक पाकीट उघडले, चकती नाकाशी नेली, बोटांत दाबली.

"जानकीबाय, हे माझे न्हाय."

गाळ्यावर ऋतिका नावाची मुलगी विक्रीला होती. ती गोंधळली आणि तिने हितेशला हाक मारली. तो येण्याआधीच एक बाई रागाने तेथे पोहोचल्या. त्यांच्या हातात तसलेच पाकीट होते. त्यांनी फलकाकडे पाहिले, मग सखीकडे पाहिले.

"तुम्हीच ना ह्या? अहो, परवा हे खाऊन माझ्या सासऱ्यांचा घसा सुजला. रात्रभर पाणी गिळता येईना. फोटो लावून विष विकता?"

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "हाँ अम्मा, गले में काटता है ये. हमने तो फेंक दिया."

सखीने माझ्याकडे पाहिले. एवढ्यात हितेश आला. त्याने मला बाजूला घेतले, पण सखीला ऐकू जाईल एवढ्या जवळच.

"काकी, तिला एवढंच म्हणायला सांगा, की एक टोपली चुकून कच्ची राहिली. दोन मिनिटांचं काम. लोक गरिबाला माफ करतात."

"जानकीबाय, तू सांग यांना," सखी म्हणाली. "तुला ठाव हाय माझं काम."

मला ठाऊक होते. समोर माझ्या घरचा मुलगा होता, आजूबाजूला आमच्या गावचे चार ओळखीचे लोक होते. मी म्हणाले, "सखे, इथं नको. घरी जाऊन बोलू."

हे वाक्य मी जसे उच्चारले, तसेच येथे लिहिले आहे.

सखीने मान हलवली आणि ती त्या बाईंकडे वळली. "बाय, हे माझे असते, तर मी खाऊन हसले असते. आता बघ." तिने पाकिटातल्या तीन चकत्या एकामागोमाग एक तोंडात घातल्या, चावल्या आणि गिळल्या. थोड्याच वेळात तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ओठ सुजले. त्या बाई घाबरून ओरडल्या, "अहो, थुंका! थुंका आधी!" ऋतिका धावत जाऊन शेजारच्या गाळ्यावरून कोकम सरबत घेऊन आली.

सखी जड जिभेने म्हणाली, "वाहत्या पाण्यात न्हाय ठेवले."

"पाणी ते पाणी!" हितेश चिडून म्हणाला. "पूर्णा गावच्या गोदामात टाकीत तीन दिवस भिजत होते. अजून काय करायचं?"

मग आपण सर्वांसमक्ष काय बोललो, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मला काय माहीत? काकीनंच सांगितलं होतं, राख लावून उकडायचे आणि पाण्यात ठेवायचे."

ते खरे होते. जेवताना कौतुकाने मी त्याला सांगितले होते. वाहते पाणी हा शब्द मी उच्चारला होता की नाही, हे मला आठवत नाही.

सखीने सरबताचा पेला खाली ठेवला. ती हितेशवर रागावली नाही. ती मला म्हणाली, "तुला एकटीला दाखवलं होतं गं." एवढे बोलून ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली. मी मागून हाका मारल्या. ती वज्रेश्वरीच्या गाडीत बसून एकटी गेली.

त्या संध्याकाळी हितेशने देवघरापुढे उभे राहून मला वचन दिले, की कंद बंद करीन आणि फलकही उतरवीन. पुढल्या रविवारी मी स्वतः पाहायला गेले. कंद नव्हते. फलक होता. वरची अक्षरे बदलली होती, "सखीचा रानमध". चेहरा तोच होता. खाली मधाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.

ऋतिका खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, मी बोलले दादांना. ते म्हणाले, कंद काढले ना, झालं. लोकांना चेहरा आवडतो."

मी तेथे उभी असताना एक जोडपे आले. नवरा बाटली उचलू लागला, तेव्हा बायको म्हणाली, "नको, हीच ती घसा धरणारी बाई." ती दोघे पुढे निघून गेली. सखीने तीन चकत्या गिळल्याचे त्यांनी पाहिले नव्हते, आणि ज्यांनी पाहिले होते, ते त्या दिवशी तेथे नव्हते. रात्री घरी मी हितेशला पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू, काकी. सध्या बाजारात गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. सखी अंगणात बसून टोपलीची तुटलेली कड विणत होती. ओठांवरची सूज उतरली होती. तिने मला बसायला सांगितले नाही, म्हणून मी उभीच राहिले.

"उतरवला का फोटू?" तिने विचारले.

"न्हाय उतरवला."

"तू सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

"बाजारात सांगितलंस, सगळ्यांच्या पुढं? का घरात?"

"घरात." सखीने बांबूची कांब दाताने ओढून घट्ट केली आणि मान वर न करता म्हणाली, "मग हितं कशाला आलीस?"