नसीमाचं शुक्रवारचं बोलणं

मंडळी, आज दुपारचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शेजारच्या नसीमाचे यजमान कुवेतला असतात. दर शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ती आमच्या कॉम्प्युटरवरून त्यांच्याशी बोलते. तेवढा वेळ मी मागच्या पडवीत जाऊन बसते.

आज मी उठले, तर तिने हात धरला. "वहिनी, बसा इथंच. टीव्हीवर सांगत होते, इंटरनेटवरच्या बोलण्याला कुलूप असतं, घातपात करणारे पकडायला त्याची किल्ली सरकारला हवीय. परकं कोणी ऐकणारच असेल, तर एक आपलं माणूसही असू दे."

मी बसले. ती पोरांचा अभ्यास, मासळीचे भाव असलं काहीबाही बोलत राहिली. शेवटी तिकडूनच प्रश्न आला, "रागावलीस काय?"

"नाय हो. कोणकोण ऐकत असेल, म्हणून."

ते म्हणाले, "मग त्यांना सांगून ठेव, माझी बायको एकटी असली की धड जेवत नाही. जरा लक्ष ठेवा म्हणावं."

नसीमा हसली आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली. मला कुठे बघावं कळेना.

घातपात करणारे सापडायलाच हवेत, हे मलाही पटतं. पण ते वाक्य तिच्या एकटीसाठी होतं. तिने हात धरून बसवलं होतं, तरी ते ऐकल्यापासून मला अपराधी वाटतंय. जे न बोलावता ऐकतील, त्यांना असं काही वाटेल का हो?