पासवर्डात ठेवलेलं नाव
अगं पोरी, फोन जरा कानाजवळ धरून ऐक, आज रागावणार आहे मी. स्वतःचंच नाव पासवर्ड ठेवलंस, अन् वरून मले हसत सांगून राहिली? माझंही असंच झालं होतं, बुढापारा मोहल्ल्यातल्या ह्याच घरात. हे गेले त्या वर्षी मी घरीच कंप्युटर शिकत होते. ह्यांचे सगळे फोटो माझ्या मेलमध्ये होते. शिकवणारी दीदी म्हणाली, "काकी, पासवर्ड वो रखो जो मुँह से कभी निकलता नहीं." मले वाटलं, उखाणा सोडला तर चाळीस वर्षांत मी ह्यांचं नाव उच्चारलं नाही, याहून पक्कं काय असणार? तेच टाकलं. दुसऱ्या दिवशी चहाला आलं घालून होईस्तोवर दीदीनं माझी मेल उघडून दाखवली. "कशी उघडली गं?" तिनं दाराकडे बोट केलं. पितळेच्या पाटीवर ह्यांचं नाव चमकत होतं. "काकी, कोई भी खोलकर सारे फोटो मिटा देगा." मग ते नाव एकेक अक्षर पुसताना बोट जड झालं होतं माझं. आता पासवर्ड माझ्याशिवाय कोणालेच ठाऊक नाही, अन् फोटो सारे जागेवर आहेत. तुझाही आजच बदल. दारावरची पाटी मात्र मी काढली नाही. ती वाचायले ये एकदा घरी, लवकर.