मागच्या रांगेतले इंगळे सर

शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्याच्या खुर्चीवर बसण्याआधी इंगळे सर ती रुमालानं पुसायचे आणि उठतानाही पुन्हा पुसायचे. चिखलीच्या कॉलेजात ते एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. तासिकावाल्यांना स्वतःची खुर्ची नसे. एखादा कायम प्राध्यापक वर्गावर गेला की त्याच्या खुर्चीवर टेकायचं, तो परतला की उठायचं.

मी एम.एस्सी.ला त्यांची विद्यार्थिनी. परम्युटेशन ग्रुप, म्हणजे जागांच्या अदलाबदलींचे गट, शिकवताना त्यांनी आम्हा सहा जणांना तीन-तीनच्या दोन रांगांत बसवलं. पुढच्यांनी पुढच्यांशीच जागा बदलायची, मागच्यांनी मागच्यांशीच, असा नियम. पाचेक मिनिटं आमची नुसती उठबस चालली.

"काऊन वं, तू पुढं काऊन नाही आली?" सरांनी मला विचारलं.

"कशी येणार सर? वाटच नाही."

"हाव! मंग हा ग्रुप ट्रान्झिटिव्ह नाही. कोणत्याबी जागेवरून कोणत्याबी जागेवर जाता आलं, तरच ट्रान्झिटिव्ह." मग हातातला खडू झेलत म्हणाले, "दोन रांगांमधली एक अदलाबदल भेटू द्या फक्त. एकच! मंग कोणीबी कुठंबी जाऊ शकते."

त्या एका अदलाबदलीची वाट पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शिकून मीही तिथंच तासिकेवर लागले, त्याच वर्षी गणिताची कायम जागा रिकामी झाली. सरांनी मुलाखतीसाठी नवा शर्ट शिवला. देऊळघाटच्या घरून येताना एसटीत चुरगळू नये म्हणून तो पिशवीत घालून आणला. पण मुलाखत झालीच नाही. संस्थेनं देऊळगाव राजाच्या आपल्याच कॉलेजातल्या एका कायम प्राध्यापकाची बदली करून जागा भरली.

मला संतापानं रडू आलं. सर म्हणाले, "रडू नको वं पोरी. पुढचे पुढच्यांतच फिरले. मीच शिकवलं तुले, अन् मीच इसरलो." शर्ट पिशवीतून निघालाच नाही.

यंदा दिवाळीनंतर सर हृदयविकारानं गेले. शोकसभा शिक्षकांच्या खोलीतच झाली. कायम प्राध्यापक आपापल्या खुर्च्यांवर बसले, आम्ही तासिकावाले मागे भिंतीशी उभे राहिलो. सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला थांबवलं.

"इंगळेंचे तास उद्यापासून तुम्ही घ्या."

मी लगेच "हो सर" म्हटलं. मला ते तास हवेच होते, याची अजून लाज वाटते.