नकाशात नसलेली तार

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा या एका गोष्टीला वळसा घालून पुढे गेलो. आज तुमच्यापाशी का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुतेक.

आधी मुळेसाहेबांविषयी सांगतो. (स्वतःविषयी सांगणं लांबवतोय, हे तुमच्या लक्षात येईलच.)

कॅप्टन मुळे नगरचे. वडील शाळामास्तर, आणि मुलगा निघाला विमान उडवायला. आयुष्यभर प्रवासी विमानं चालवली, आणि अठ्ठावन्न पुरी झाल्या दिवशी कंपनीनं हार घालून घरी पाठवलं. तब्येत ठणठणीत, नजर स्वच्छ. पण नियम म्हणजे नियम. एकाहत्तर-बाहत्तरच्या त्या दिवसांत आमच्या साखर कारखान्यानं उसावरच्या पाकोळी किडीसाठी विमानानं फवारणी सुरू केली होती. फवारणीच्या विमानात प्रवासी नसतात, म्हणून तिथं वयाची ती अट नव्हती. मुळेसाहेब त्या विमानावर आले.

मी कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर होतो. तिशीचा असेन. माझं काम सोपं होतं — आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. दुसऱ्या दिवशी जिथं फवारणी, तो ऊस आदल्या संध्याकाळी पायी फिरून बघायचा. झाड कुठं, विहिरीवरची मोट कुठं, विजेचे खांब कुठं — सगळं कागदावर काढायचं, खाली तारीख घालून सही करायची. साहेब तो नकाशा मांडीवर ठेवून उसाच्या शेंड्यांवरून विमान न्यायचे. दहा-बारा फुटांवरून. एवढ्या खालून उडणारा माणूस दुसऱ्याच्या कागदावर किती विसंबून असतो, कळतंय ना?

तीन हंगाम एक ओरखडा नाही.

साहेब तेव्हा एका गोष्टीसाठी भांडत होते. दिल्लीत एका समितीपुढे त्यांचा अर्ज होता. म्हणणं एवढंच, की वैमानिकाला घरी बसवायचं ते जन्मतारीख बघून नको. दर सहा महिन्यांनी डोळे तपासा, हृदय तपासा, नापास झाला तर त्याच दिवशी उतरवा. आणखी तीन जुन्या वैमानिकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. मुरमाच्या धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून साहेब मला तो अर्ज वाचून दाखवत. ‘‘ज्ञानदेव, हे तीन हंगाम म्हणजे माझा पुरावा आहे,’’ म्हणत. ‘‘आणि त्यातला निम्मा तुझा.’’

मला किती बरं वाटायचं ते ऐकून! खोटं नाही सांगत — माझ्या सख्ख्या बापानं माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

आणि तरी.

त्या संध्याकाळी मी ऊस बघायला गेलो नाही. का नाही गेलो? काही कारण असतं तर किती बरं झालं असतं. कुणी आजारी नव्हतं, पाऊस नव्हता, सायकल पंक्चर नव्हती. कॉलनीतल्या हॉटेलात रेडिओवर इंग्लंडमधल्या क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती, आणि मला उठायचा कंटाळा आला. गेल्या वर्षीचा नकाशा होताच. खिडकीच्या काचेवर धरून दुसऱ्या कागदावर उतरवला, नवी तारीख घातली, सही केली. दहा मिनिटं लागली.

मधल्या काळात तिथं विहिरीवरच्या मोटारीसाठी वीज आली होती. ऐन उसाच्या मधून नवे खांब, नवी तार.

सकाळी मी विमानाला ओळ दाखवायला पूर्वेच्या बांधावर झेंडा घेऊन उभा होतो. धुरकट उजेड. उसातून वर आलेले खांब मला बाभळीच वाटले — की मी नीट बघितलंच नाही? उसाचे मालक चांगदेव चालत आले, विमानाच्या आवाजाकडे बघत म्हणाले, ‘‘तारंचं सायबाला सांगितलंय ना?’’

‘‘कसली तार?’’

त्यांनी नुसता हात केला. विमान तोवर वळून उसावर आलं होतं. मी झेंडा हलवला की नुसता धरून राहिलो — देवाशप्पथ, आजही आठवत नाही. विमानाचं नाक एकदम वर उचललं गेलं, चाक तारेत अडकलं, आणि ते एका अंगावर उसात आडवं झालं.

सगळ्यांच्या आधी मी पोचलो. साहेब शुद्धीत होते. उजवा हात कोपरात भलतीकडे वळलेला, खुबा मोडलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘ज्ञानदेव, नकाशात तार नव्हती रे.’’

मी आधी काय केलं असेल? पट्टा सोडवला? पाणी आणा म्हणून ओरडलो? नाही. त्यांच्या पायाशी पडलेला तो कागद उचलला आणि खिशात घातला. पट्टा मी नंतर सोडवला.

दुपारी, साहेबांना नगरच्या दवाखान्यात हलवल्यावर, मी कचेरीत बसून नवा नकाशा काढला. खांब काढले. तार काढली — चांगली ठळक. तारीख आदल्या दिवशीची. जुना कागद चुलीत गेला.

चौकशीला मुंबईहून अधिकारी आले. मी उभा राहून सांगितलं, ‘‘तार नकाशात होती. मी साहेबांना बोट ठेवून दाखवली होती.’’ आवाज जरासुद्धा कापला नाही. चांगदेव बाहेर येऊन बसले होते. ‘‘मला सांगायचंय,’’ म्हणाले. ‘‘सायबाला तार दिसली हुती. दिसली म्हनून तर इमानाचं तोंड वर केलं. त्यांचं डोळं लई चांगलं हायेत.’’ मी त्यांना म्हणालो, तुमची साक्ष लागत नाही, नुकसानीचं बघू आपण, तुम्ही घरी जा.  ते उठून गेले.

अहवालात काय आलं असेल, सांगायला नको. वैमानिकाचं वय. कमी झालेली नजर, मंदावलेली स्मृती. सगळे हळहळले. मीही.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंय. एवढ्यावर थांबलो असतो तरी मी खोटारडाच होतो. पुढचं त्याहून वाईट आहे.

पंधरा दिवसांनी मी त्यांना बघायला नगरला गेलो. वाटत होतं, शिव्या देतील. फसवलंस म्हणतील. त्याची मी तयारी करून गेलो होतो. पण साहेब शांत होते. काकूंनी — त्यांच्या पत्नींनी — स्टूल पुढे केलं. साहेब म्हणाले, ‘‘मी फार विचार केला, ज्ञानदेव. मला अगदी स्पष्ट आठवतंय, कागदावर तार नव्हती. पण तू म्हणतोस, तू दाखवलीस. तू खोटं बोलणार नाहीस. म्हणजे माझंच डोकं मला फसवतंय.’’

त्यांचे डोळे माझ्यावर होते. ते विचारत होते हो मला! सरळ, माणूस माणसाला विचारतो तसं. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, ‘‘वय झालं की व्हायचंच असं, साहेब.’’

त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘‘मग तो अर्ज ठेवण्यात अर्थ नाही. माझा हात प्लास्टरमध्ये आहे. मी सांगतो, तू लिही.’’

मी लिहिलं. माझ्या अक्षरात. त्यांनी इंग्रजीत सावकाश मजकूर सांगितला — स्वतःच्या अनुभवावरून आपलं पूर्वीचं मत चुकीचं होतं असं दिसतं, नियम योग्य आहे, अर्ज मागे घेतो. एका ठिकाणी स्पेलिंगसाठी मी अडलो, तर त्यांनी ते मला हसून सांगितलं. डाव्या हातानं सही केली. बाकीच्या तिघांचा अर्ज त्या पत्रानंतर किती टिकणार? निघालाच निकालात.

खुबा बरा झाला, हात बरा झाला. साहेबांचा स्वतःवरचा विश्वास मात्र गेला तो गेलाच. स्कूटर विकली. रस्ता ओलांडताना काकूंचा हात धरायचे. गॅस बंद केला का, कडी लावली का, तीन-तीनदा विचारायचे. ज्याच्या हातात शेकडो माणसं डोळे मिटून झोपून गेली, तो माणूस!

सहा वर्षांनी ते गेले. दहाव्यानंतर मी भेटायला गेलो. तोवर मला बढती मिळाली होती, शेतकी अधिकारी झालो होतो. काकूंनी चहा केला. बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘मला कधी पटलंच नाही हो. त्यांची नजर मला ठाऊक होती. मी शेवटपर्यंत म्हणायची, त्या कागदाचं काहीतरी चुकलंय. तर माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, ज्ञानदेव कशाला खोटं बोलेल?’’

कप माझ्या हातात होता. घरात आम्ही दोघंच. मला कसली भीती होती तेव्हा? चौकशी कधीच बंद झालेली, साहेब गेलेले. नोकरीला धक्का लावणारं कुणी नव्हतं. समोर एक बाई होती, तिला एवढंच हवं होतं की आपला नवरा म्हणत होता ते खरं होतं.

मी म्हणालो, ‘‘साहेबांचं बरोबर होतं, काकू. मी कशाला खोटं बोलेन?’’

काकूही आता नाहीत. चांगदेव नाहीत. हे ऐकायचा ज्यांना हक्क होता, त्यातलं कुणी उरलं नाही, आणि आता मी सांगतोय. यालाही भित्रेपणाच म्हणतात, हे मला कळतं.